ताबा सुटल्याने

नगर-मनमाड रस्त्यावर, कोल्हार सोडल्यानंतर थोड्याच अंतरावर, दुपारी चारच्या सुमारास आमची कार रस्त्याकडेच्या मुरमाच्या ढिगावर आदळली. गाडीत दोघी होतो. मी चालवत होते. शेजारी माझ्या सासूबाई होत्या, वय चौऱ्याहत्तर, निवृत्त शिक्षिका. त्यांच्या मावसबहिणीला भेटून आम्ही नगरला परतत होतो. माझ्या उजव्या पायाचे हाड गुडघ्याखाली मोडले. सासूबाईंचे उजवे मनगट मोडले. समोरून राँग साइडने आलेला दुधाचा पिकअप थांबला नाही.

हा मजकूर उपचार संपत आले असताना लिहीत आहे. प्लेट, स्क्रू आणि औषधांची नावे यात नाहीत, ती प्रत्येकाच्या फाइलमध्ये वेगळी असतात. पिकअपचालकाचे नावही नाही, कारण प्रकरण अजून न्यायालयात आहे. पहिल्या काही दिवसांत काय करायला हवे होते आणि मी काय केले नाही, ते यात आहे.

मी एका दैनिकाच्या जिल्हा पानावर तेवीस वर्षे उपसंपादक आहे. अपघाताच्या बातम्या रोज माझ्या हाताखालून जातात. तरीही रस्त्यावरच्या पहिल्या वीस मिनिटांत करायच्या गोष्टींपैकी मी एकही केली नाही. गाडी हलवण्याआधी फोटो काढायचे असतात. समोरच्या वाहनाचा नंबर, निदान शेवटचे आकडे, कोणाला दिसले का हे विचारायचे असते. मदतीला आलेल्यांची नावे लिहून घ्यायची असतात. स्वतःला जमत नसेल तर शेजारी उभ्या असलेल्या माणसाला ते करायला सांगता येते. मी फक्त "आईंना बघा, आईंना बघा" एवढेच म्हणत होते, असे नंतर कळले. रस्त्याकडेला पेरू विकणाऱ्या एका बाईने सासूबाईंचा हात फडक्यात बांधून दिला. तिचे नाव आम्ही विचारले नाही.

बातमी

शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवशी दुपारी होती. सकाळी माझा नवरा विवेक सवयीने पेपर घेऊन आला. त्याने तो घडी घालून खुर्चीवर ठेवला आणि वर आपली पिशवी ठेवली. मी पेपर मागितला. आमच्याच पानावर, खालच्या कोपऱ्यात, चार ओळी होत्या. चालकाचा ताबा सुटल्याने कार मुरमाच्या ढिगावर आदळून दोन महिला जखमी.

हे वाक्य माझे होते. ते कोल्हारच्या आमच्या वार्ताहराने, दत्तूने, पाठवले होते, पण शिकवले मी होते. नव्या वार्ताहरांना मी वर्षानुवर्षे सांगत आले की कारण पक्के कळले नसेल तर "ताबा सुटल्याने" लिहा. कोणाचे नाव येत नाही, नोटीस येत नाही, जागाही कमी लागते. या दोन शब्दांनी दोष कोणावरच जात नाही, असे मी समजत होते. ट्रॉलीवर झोपून वाचताना कळले की गाडीत चालक एकच असतो.

मला समोरून आलेला पांढरा पिकअप आठवत होता. दोरीने बांधलेले दुधाचे कॅन आठवत होते. त्यानंतर थेट आवाज आठवत होता. मधले काही आठवत नव्हते. बातमी वाचल्यावर त्या मधल्या रिकाम्या जागेत बातमीच जाऊन बसली. भूल देण्याआधी डॉक्टरांनी काय झाले विचारले, तेव्हा मी म्हणाले, ताबा सुटला बहुधा.

शुद्धीवर आल्यापासून मला एकाच गोष्टीचे उत्तर हवे होते. आईंचा हात माझ्यामुळे मोडला का?

जबाब

तिसऱ्या दिवशी हवालदार आले. रुग्णालयाने अपघाताची नोंद करून पोलिसांना कळवले होते, ते योग्यच होते. दाखल होताना "घसरून पडले" असे सांगून ही नोंद टाळणारे असतात. टाळू नये. पुढचा प्रत्येक कागद या नोंदीवर उभा राहतो.

हवालदार सभ्य होते. त्यांनी खुर्ची लांब ओढून घेतली, आधी पायाची विचारपूस केली. मला वेदनाशामक इंजेक्शन दिलेले होते आणि छत मागे-पुढे होत होते. त्यांनी वेग विचारला. मी साठच्या आसपास सांगितला. पिकअपचे सांगितले. त्यांनी लिहिले, मी सलाईन लावलेल्या हाताने सही केली. वाचले नाही. प्रत दहा दिवसांनी हातात आली. तीत लिहिले होते, समोरून वाहन आल्यासारखे वाटल्याने माझा ताबा सुटून.

तेवीस वर्षे लोकांचे मजकूर तपासले आणि स्वतःचा तपासला नाही. डोके जड असेल तर जबाब देणे पुढे ढकलायला सांगता येते. सांगताना घरचे कोणी जवळ ठेवता येते. लिहिलेले वाचून दाखवा असे म्हणता येते. चुकले तर पुरवणी जबाब देता येतो. या चारही गोष्टी मला ठाऊक होत्या.

वॉर्ड

वॉर्डात दिवस पाच वाजता सुरू होत असे. आधी तापमान, मग झाडू, मग सलाईनच्या बाटल्या, मग डॉक्टरांची फेरी. फेरीच्या वेळी नातेवाईक बाहेर. फेरी अडीच मिनिटांची. प्रश्न आदल्या दिवशी लिहून ठेवावेत, कारण डॉक्टर समोर आले की "बरं आहे" एवढेच तोंडातून निघते. बेडपॅनची लाज दोन दिवस वाटते. तिसऱ्या दिवसापासून तो वेळेवर न मिळण्याची भीती वाटू लागते.

रात्रीपेक्षा दुपार वाईट होती. दुपारी भेटायला येणारे येत. जवळजवळ सगळ्यांनी बातमी वाचलेली होती. पेपरचा खप चांगला असल्याचा मला प्रथमच त्रास झाला. विवेकचे एक काका म्हणाले की बायकांनी शहरात चालवावी, हायवेला ड्रायव्हर घ्यावा. एक मैत्रीण म्हणाली, होतं गं असं, एक सेकंद लागतो. दोघांनाही मी पिकअपचे सांगितले. दोघांनीही मान हलवली. आजारी माणसाच्या बोलण्यावर हलवतात तशी.

वॉर्डात काम करणाऱ्या मावशी पारनेरकडच्या होत्या. चौथ्या दिवशी त्यांनी विचारले नाही, सांगितले नाही, कंगवा घेऊन मागे उभ्या राहिल्या आणि माझ्या केसांतला गुंता सोडवू लागल्या. केसांत तेव्हाही काचेचे दोन बारीक कण होते. ते त्यांनी स्वतःच्या तळहातावर काढून घेतले.

"ताई, पाय मोडलाय तुमचा, तोंड न्हाई," त्या म्हणाल्या. "बोलत जावा जरा. समदं आत ठिवलं तर टाके पिकत्यात."

वैद्यकीयदृष्ट्या हे खरे नसावे. त्या दिवशी मी प्रथम रडले.

सासूबाई खालच्या मजल्यावर होत्या. प्लास्टर घालून त्यांना तिसऱ्या दिवशी घरी सोडले. जाण्याआधी त्या व्हीलचेअरवरून मला बघायला आल्या. अपघातावर एक शब्द बोलल्या नाहीत. धडक बसली तेव्हा त्यांचे डोळे मिटलेले होते, त्या पेंगत होत्या. मला काय विचारायचे ते त्यांना कळत नसावे आणि काय सांगायचे ते मला. डाव्या हाताने त्यांनी माझी चादर नीट केली.

असली तरी

विवेकने मला काय झाले ते विचारले नव्हते. डबे आणत होता, औषधे आणत होता, विमा कंपनीला त्याच दिवशी कळवले होते, एक्स-रे आणि बिले एका फाइलमध्ये क्रमाने लावली होती. हे सगळे पहिल्याच आठवड्यात करावे लागते आणि ते त्याने चोख केले. पण त्याने विचारले नव्हते. पाचव्या दिवशी मीच विषय काढला. पिकअप समोरून येत होता, म्हणाले.

तो सफरचंद कापत होता. "झालं ते झालं," म्हणाला. "तुझी चूक असली तरी मी काही म्हणतोय का?"

आमच्या लग्नाला बावीस वर्षे झाली आहेत. त्यात तो मला याहून कडक बोलला आहे. पण "असली तरी" हे दोन शब्द मला अनेक दिवस पुरले. त्याने ते प्रेमाने म्हटले होते, हीच अडचण होती. रागावर उत्तर देता येते. माफीवर काय उत्तर द्यायचे? मी सफरचंद खाल्ले.

नवव्या दिवशी घरी आले. पाय दीड महिना टेकायचा नव्हता. अंथरूण हॉलमध्ये आणले. सासूबाई उजवा हात गळ्यात अडकवून समोर बसत. दोघींत मिळून तीन हात, तीन पाय धड, असा हिशेब त्यांनीच एकदा केला. हसल्या.

दत्तू भेटायला आला तो पेरूची पिशवी घेऊन. खुर्चीच्या टोकावर बसला. बातमी कुठून मिळाली, असे मी विचारले. त्याने सांगितले की पोलीस ठाण्यातून. ठाण्याला कुठून मिळाली, याचा त्याने विचार केला आणि मान खाली घातली. ठाणे अंमलदाराने कारण काय लिहू असे त्यालाच विचारले होते. त्याने सवयीने सांगितले, ताबा सुटला असेल. त्यांनी ते लिहिले, मग त्यांनी लिहिलेले त्याने पाठवले.

"मॅडम, तुमीच सांगितलं होतं," तो म्हणाला. "कारण कळलं न्हाई तर तसं ल्ह्यायचं."

"हो."

"मग आता काय ल्ह्यायचं?"

मी सांगितले की कार ढिगावर आदळली एवढे लिहायचे. कारण कळले नसेल तर कारण कळले नाही, असे लिहायचे. त्याने ते मोबाईलमध्ये टिपून घेतले. बाकीच्या वार्ताहरांनाही मी त्याच संध्याकाळी हेच कळवले. छापून गेलेल्या चार ओळींचे काही करता येण्यासारखे नव्हते. अपघाताच्या छोट्या बातमीचा खुलासा आम्ही छापत नाही. तो नियमही माझाच.

फडके

दत्तू उठला तेव्हा सासूबाई आतून एक फडके घेऊन आल्या. हिरव्या काठाचे, जुन्या लुगड्याचे, धुऊन इस्त्री केलेले. त्या बाईचे. पेरूवर झाकायचे असावे.

"दुसऱ्याचं फडकं घरात ठेवायचं नाही," त्या दत्तूला म्हणाल्या. "मला त्या बाईपर्यंत नेऊन सोड."

मी म्हणाले, दत्तू देऊन येईल. त्या म्हणाल्या, ज्याच्या हाताला बांधलं त्यानं द्यायचं असतं, आणि रिकामं द्यायचं नसतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी फडक्यात नारळ आणि खण बांधला आणि अपघातानंतर प्रथमच गाडीत बसून त्या रस्त्यावर गेल्या. मला ते जमले नसते.

संध्याकाळी परतल्या त्या सरळ माझ्या अंथरुणापाशी आल्या. बाईचे नाव हौसाबाई. तिथेच जवळच्या वस्तीवर राहतात, दोघी जावा रोज रस्त्याकडेला पेरू विकतात. हौसाबाईंनी सगळे पाहिले होते. पिकअप उलटा आला होता. तो त्यांच्या भावकीतल्याच एकाचा होता. दूध घालून परतताना, दुभाजकातली वळायची जागा लांब पडते म्हणून तो रोजच तसा येतो. म्हणजे बरेच जण येतात. हे हौसाबाईंनी सासूबाईंना सांगितले आणि पोलिसांना सांगणार नाही, हेही सांगितले. भावकीत राहायचे आहे.

"पण मला कळलं," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी माझ्या केसांवरून डावा हात फिरवला. "तू मला काही बोलली नाहीस, म्हणून मी विचारलं नाही. मला वाटलं, तुला आठवायला नको."

मला आठवायला हवे होते.

कागद

रस्त्यावरची बातमी गावात लवकर पोहोचते. चार दिवसांनी दोन वयस्कर गृहस्थ घरी आले, पांढरे कपडे, पायातले दाराबाहेर नीट जोडून ठेवलेले. पिकअपवाल्याचे चुलते आणि त्यांच्या गावातले एक वजनदार गृहस्थ. चहा घेतला. पोरगे घाबरून पळाले, मन साफ आहे, दवाखान्याचे आम्ही बघू, म्हणाले. सोबत टाइप केलेला कागद आणला होता. अपघाताबाबत कोणाविरुद्ध तक्रार नाही, असा.

अंथरुणात असताना अशा कागदावर कोणीही सही करू नये. पाय बरा झालेला नसतो, पुढे काय लागेल ते डॉक्टरांनाही माहीत नसते. विवेकला मात्र मिटवावेसे वाटत होते. ते वाईट हेतूने नव्हे. त्याला घरात हा विषय नको होता.

मी म्हणाले, सही करते, पण कागदात एक ओळ वाढवा. पिकअप राँग साइडने समोरून आला, एवढीच.

चुलत्यांनी शेजारच्यांकडे पाहिले. "ताई, ते सोडून काय बी ल्ह्या," ते म्हणाले.

माझ्या मजकुरातून नेमके एक वाक्य काढायला सांगणारे लोक मी कामावर पुष्कळ पाहिले आहेत. अशा वेळी ते वाक्य खरे असते. मी कागद परत दिला. ते गेल्यावर विवेक बराच वेळ गॅलरीत उभा होता. आत येऊन त्याने फक्त विचारले की पुरवणी जबाबाचा अर्ज कोणाच्या नावे करायचा. मी सांगितले, त्याने लिहिला.

जागेवर

सातव्या आठवड्यात हवालदारांचा फोन आला. मला जागा दाखवायची होती आणि अर्जात ज्यांचे नाव दिले होते त्या हौसाबाईंना विचारायचे होते. बाईमाणसाला जबाबासाठी ठाण्यात यावे लागत नाही, पोलीस तिच्याकडे जातात. हे पुष्कळांना माहीत नसते आणि ठाण्याच्या भीतीने साक्षीदार गप्प राहतात. हौसाबाई बोलणार नाहीत, असे मी धरून चालले होते. न बोलल्या तर माझ्याजवळ माझाच "वाटल्याने" असलेला जबाब उरणार होता आणि विवेकजवळ त्याचे "असली तरी". दोन्ही घेऊन जगता येते, लोक जगतात. पण मला तसे जगायचे नव्हते.

विवेकने गाडी चालवली. मी वॉकर घेऊन उतरले. ढीग आता नव्हता, मुरूम रस्त्याच्या कामात गेला होता. पेरूच्या दोन टोपल्या, दोघी जावा आणि वर फाटकी छत्री. हवालदार टोपलीशेजारी उकिडवे बसले, मांडीवर पॅड. हौसाबाईंनी आधी मला बसायला गोणपाट टाकले, मग पाय किती दिवस टेकला नाही ते विचारले. मग हवालदारांनी पेन काढले.

"मावशी, गाडीचा ताबा कसा सुटला, ते सांगा."

हौसाबाई थोडा वेळ पेरू पुसत राहिल्या. तेवढ्यात दुभाजकाच्या कडेने एक टेम्पो उलटा आला आणि हॉर्न वाजवत निघून गेला. हवालदारांनी मान वर केली, पाहिले, आणि पुन्हा पॅडकडे वळले.

"ताबा कुटं सुटला?" हौसाबाई म्हणाल्या. "सुटला असता तर आमी दोघी जावा आज हितं पेरू इकत असतो व्हय? त्यो पिकप असाच आला, आत्ता गेला तसा. हिनं गाडी डावीकडं घेतली. डावीकडं आमी. म्हनलं, गेलो आता. तर हिनं परत उजवीकडं वळवली, आन् पुढं मुरमावर गेली. दोनदा वळवली. म्या बगितलं ना हिचं तोंड. डोळं मिटलं न्हवतं तिनं."

"पिकअप आल्यासारखा वाटला, का आला?"

"वाटतंय कशाचं? माझ्या टोपलीत धुरळा घालून गेला. नाव सांगू का त्याचं?"

"आता भावकीत तुला पानी बी मिळायचं न्हाई," त्यांची जाऊ म्हणाली.

"मंग पेरू खाईन," हौसाबाई म्हणाल्या, आणि नाव सांगितले.

हवालदारांनी लिहिलेले वाचून दाखवले. हौसाबाईंनी सावकाश, एकेक अक्षर जुळवत सही केली. मग माझा पुरवणी जबाब झाला. मी तो दोनदा वाचला. दुसऱ्या वळणाबद्दल मी काही लिहू दिले नाही, कारण ते मला आठवत नव्हते, अजूनही आठवत नाही. ते फक्त हौसाबाईंच्या जबाबात आहे.

विवेक सगळा वेळ माझ्या मागे, वॉकरला हात लावून उभा होता. हवालदार गेल्यावर तो टोपलीपासून निघाला आणि रस्त्याच्या कडेने, मुरमाचा ढीग होता तिथपर्यंत पावले टाकत गेला. तिथे उभा राहून त्याने मागे वळून टोपल्यांकडे पाहिले. पुन्हा पावले मोजत परत आला.

"अकरा," तो म्हणाला.

तो माझ्याशेजारी गोणपाटावर बसला, चांगली पँट होती तरी.

"सांग आता," तो म्हणाला. "कोल्हार सोडल्यापासून."